दाराशी राहिलेल्या वहाणा

काही माणसांच्या हातून कपबश्या फुटतात, काहींच्या छत्र्या हरवतात. माझी देवळे हुकतात. जुन्या दगडी कामाचे मला लहानपणापासून वेड, पण गाठ म्हणून पडायची नाही. वेरूळला गेलो तर वाटेत बैलगाडीचा आस मोडला आणि कैलास लेण्यापाशी पोचलो तेव्हा रखवालदार हातात कंदील घेऊन लोकांना बाहेर काढीत होता. कार्ल्याला माझ्या पत्नीला, सुमतीला, निम्म्या चढावर अशी मळमळ सुटली की तिथूनच मागे फिरलो. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर रस्त्यावरून जाताना दिसते म्हणतात. एस. टी.च्या खिडकीशी बसून मी नेमका तेवढ्यापुरता झोपलो होतो. सुमती म्हणायची, "तुम्ही घरातून निघालात की देवसुद्धा दार लावून घेतो." ती थट्टेने म्हणे आणि मीही हसण्यावारी नेई. पण मी पडलो स्वभावाने भित्रा. दारावर तारवाला आला की पाकीट फोडण्याआधी मला घाम फुटायचा. अशा माणसाच्या मनात थट्टाही घर करून राहते. आपल्यातच काही कमी असेल, म्हणून आपल्याला आत घेत नसतील, असे एकटा असताना वाटून जाई.

त्यात अंबरनाथचे शिवालय म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत आम्ही डोंबिवलीला एका चाळीत राहत होतो आणि मी कल्याणच्या एका कचेरीत कारकून होतो. कल्याणपलीकडे निर्वासितांची मोठी छावणी पडली होती, तिच्या पुढचेच स्टेशन अंबरनाथ. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्षे गेली. जवळची वस्तू पाहायची राहते ती अशीच. शेवटी एका फाल्गुनात, शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर, सुमतीने आदल्या रात्रीच बेल, दूर्वा, नारळ असे ताट भरून ठेवले आणि म्हणाली, "उद्या जायचंच. आता काय आस मोडायला बैलगाडीसुद्धा नाही."

सकाळी स्टेशनवर उतरून टांगा केला. माझा एक विचित्र हट्ट होता. इतक्या वर्षांची भूक, ती घाईने भागवायची नाही; आधी आत उतरून देवाचे दर्शन घ्यायचे आणि मग बाहेर येऊन भिंतींवरची एकेक मूर्ती निवांत पाहायची. ताटातला गोड पदार्थ शेवटी खातात तसे. म्हणून टांगा थांबला तसा मी मान खाली घालूनच दारापर्यंत गेलो. काळ्या दगडाचा थंडावा अंगाला लागत होता, पण डोळे वर केले नाहीत. दाराशी वहाणा काढल्या. सुमती मागे टांग्यातून ताट सांभाळीत उतरत होती. मी उंबऱ्याकडे पाऊल उचलले आणि पाठीमागून हाक आली, "थांबा! आत जाऊ नका!"

आमच्या शेजारच्या खोलीतले बापूकाका, मागच्या गाडीने उतरून, धापा टाकीत येत होते. त्यांचा चेहरा पाहूनच मी उचललेले पाऊल मागे घेतले. त्यांनी मला बाजूला घेतले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळकुमहून माणूस आला होता. तुमचा वसंता... गेला हो."

वसंता माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता आणि मी जेमतेम शाळेत जाऊ लागलेला. वडिलांनी आणि मी मिळून त्याला वाढवला. पुढे वडीलही गेले तेव्हा मीच त्याचा बाप झालो. ठाण्याजवळ बाळकुमला मिठागराच्या कचेरीत त्याला नोकरी लागली होती, लग्नाला वर्षही झाले नव्हते. कसा गेला, केव्हा गेला, बापूकाकांना काहीच ठाऊक नव्हते. निरोप्या एवढेच सांगून मागच्या मागे निघून गेला होता. सुमतीच्या हातातले ताट कलंडले. तिने नारळ तसाच उचलला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, सुतक आलं. आता आत जायचं नाही." सख्ख्या भावाचे सुतक, दहा दिवसांचे. दर्शन तर राहोच, कळसाकडेही पाहायचे नाही. आलो होतो तसाच मान खाली घालून मी वळलो. त्या देवळाचा एक उंबरा आणि पायाखालची फरशी, एवढेच माझ्या दृष्टीला पडले.

टांगा निघून गेला होता. आम्ही स्टेशनच्या दिशेने चालू लागलो. बापूकाका म्हणाले की ठाण्याकडची गाडी नुकतीच गेली, आता दुपारशिवाय नाही. तेव्हा मला खरी भीती शिवली. मी पोचेपर्यंत त्याला उचलला असेल. त्याचे तोंडसुद्धा दिसणार नाही. एवढ्यात मागून एक मालट्रक आला आणि आमच्याशेजारी थांबला. चालवणारा पिकल्या दाढीचा सिंधी गृहस्थ होता, बहुधा छावणीतलाच. त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग पायांकडे.

"पैर नंगे हैं, भाई. कोई गुजर गया?"

मी खाली पाहिले. वहाणा देवळाच्या दाराशीच राहिल्या होत्या. तोवर माझ्या ते लक्षातही आले नव्हते.

"भाई," मी कसाबसा म्हणालो. "छोटा भाई. बाळकुम जाना है. ठाणे के पास."

"बैठो. भिवंडी होके ठाणा ही जा रहा हूँ. बालकुम रास्ते में पड़ेगा." सुमतीला त्याने हात न लावता, दार उघडून धरून वर चढू दिले. बापूकाका आमच्या चाळीत कळवायला मागे राहिले. गाडी सुरू झाल्यावर तो समोर बघत म्हणाला, "हम भी ऐसे ही निकले थे घर से. चप्पल बाहर, चूल्हे पे दूध. छोड़ो, अभी तुम रो लो."

पण रडू येईना. भीतीने सगळे आत गोठले होते. वसंता जिवंत असल्याची आशा मनात आली तर बापूकाकांचा चेहरा आठवे आणि ती आशा धरल्याचीच लाज वाटे. त्याच्या बायकोला, मालतीला, काय सांगायचे? अग्नी मलाच द्यावा लागणार. ज्याला मी खांद्यावर घेऊन अंगणात फिरवला त्याला? वाटेत कल्याणची खाडी लागली, पुलाशी दुर्गाडीचा किल्ला आला. पुढे लोनाडच्या जुन्या लेण्यांकडे जाणारा फाटाही कुठेतरी गेला असणार. एरवी मी त्या माणसाला हातापाया पडून गाडी थांबवायला लावली असती. त्या दिवशी किल्ला कुठल्या हाताला गेला तेही कळले नाही. मी शंकराला एवढेच विचारत होतो की मला दारातून परत पाठवलेस ते यासाठीच का. मग त्या विचाराचीच धास्ती वाटून तोही सोडून दिला.

भिवंडी मागे पडली, कशेळीचा पूल आला आणि बाळकुमची घरे दिसू लागली. गाडीचे इंजिन तापले होते. सिंधी म्हणाला, "तुम जाओ, मैं पानी डाल के निकलता हूँ." मी अनवाणी धावत सुटलो. वळणावरून वसंताचे घर दिसले. दारात माणसे नव्हती, रडणे नव्हते, काही नव्हते. म्हणजे नेला, असे माझ्या मनाने घेतले आणि मी तिथेच मातीत बसकण मारून रडू लागलो. तेव्हा घरातून कुणीतरी म्हणाले, "आले गं बाई आले, रडतच आले!"

मी वर पाहिले. ओटीवर, भिंतीला टेकून, घोंगडीवर वसंता बसला होता.

पुढचे सांगताना आजही माझ्या अंगावर शहारा येतो, आणि थोडा रागही. वसंताच्या सासूबाई, सगळे त्यांना आक्का म्हणत, हातात साखरेची वाटी घेऊन पुढे आल्या. दोनतीन दिवसांपूर्वी विहिरीवर अंघोळ करताना वसंताच्या नजरेला कावळ्यांचा जोडा संग करताना पडला होता. ते ज्याच्या दृष्टीस पडेल त्याचे मरण जवळ आले, अशी आपल्याकडची जुनी समजूत. तिच्यावरचा उताराही तितकाच जुना. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नातलगाला धाडायची. त्या नातलगाने ती खरी मानून मनापासून शोक केला की मरण तेवढ्यावर समाधान मानते आणि माघारी जाते. आक्का म्हणाल्या, "रागावू नका हो. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रडला असतात का? आता टळलं बघा सगळं. घ्या, तोंड गोड करा."

मी रागावलो नाही. रागावण्याइतके त्राण नव्हते. वसंताला मिठी मारून मी लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो, सुमती पदरात तोंड घालून हसू लागली आणि मालती दाराआड शरमून उभी राहिली. सुतक नव्हते. तो जिवंत होता. आणि तेवढ्यात, माझा स्वभाव कुठे जाणार, मनात एक कळही येऊन गेली: म्हणजे देऊळ उगाच हुकले! उंबऱ्यावर पाय होता माझा!

मालतीने सगळ्यांसाठी शिरा आणला. तिने प्रेमाने पहिला चमचा वसंताच्या तोंडाशी धरला. चमचा त्याच्या दातांवर वाजला.

तो आवाज मी ओळखला. इतक्या वर्षांनी, इतक्या माणसांत, एवढासा आवाज. आईच्या हाताला खुरपे लागले होते आणि काही दिवसांनी ती म्हणाली होती, "तोंड उघडवत नाही रे." मी तिला चमच्याने पाणी पाजायला गेलो, तेव्हा तो असाच दातांवर वाजला होता. त्यानंतर काय काय झाले ते मी पाहिले होते. वसंताला ते ठाऊक नव्हते, तो पाळण्यात होता. आणि या घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक असायचे कारण नव्हते.

"वसंता, तोंड उघड."

"दाढ दुखतेय दादा," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "कालपासून जबडा धरलाय. मानही."

"पायाला काही लागलंय का?"

त्याने पाऊल वर केले. टाचेला फडके गुंडाळले होते. मिठागरावर गंजका खिळा गेला होता, त्याला बरेच दिवस झाले होते. ठाण्याला डॉक्टरकडे जाणार होता, पण कावळ्यांचे झाल्यापासून आक्कांनी त्याला घराबाहेर पाऊल टाकू दिले नव्हते. बाहेर धोका आहे म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला घरात सांभाळला होता, आणि मरण त्याच्या टाचेतून केव्हाच घरात येऊन बसले होते.

मी धनुर्वात हा शब्द तोंडातून काढला नाही. भीतीने काढवलाच नाही. नुसता ओरडलो, "गाडी! ती गाडी गेली का बघा!" आणि मीच धावलो. पाण्याची बादली बाजूला ठेवून तो सिंधी इंजिनाचे झाकण लावीत होता. मी त्याचे हात धरले. काय बोललो ते आठवत नाही. तो म्हणाला, "भाई जिंदा है? तो रोते क्यों हो, उठाओ उसको!" त्यानेच वसंताला लहान मुलासारखा उचलून गाडीत आणला. ठाण्याच्या इस्पितळापर्यंत तो एकदाही हॉर्न न वाजवता गेला. मी त्याला तसे सांगितले नव्हते. गाडीच्या धक्क्यांनी वसंताचे अंग ताठत होते, ते पाहून त्याला आपण होऊनच उमजले असावे. इस्पितळाच्या दारात वसंताला उतरवून घेतल्यावर मी मागे वळून पाहिले तर गाडी निघून गेली होती. पुढे छावणीत मी त्याची पुष्कळ चौकशी केली. नाव ठाऊक नसलेल्या पिकल्या दाढीच्या ट्रकवाल्याची चौकशी ती काय करणार? तो मला पुन्हा भेटला नाही.

डॉक्टरांनी टोचायचे ते टोचले आणि सांगितले की आता वाट पाहायची. वसंताला एका काळोख्या खोलीत ठेवले. खिडक्यांना काळे पडदे लावले. उजेड नको, स्पर्श नको, आवाज तर मुळीच नको; दारात पेला पडला तरी त्याचे सगळे अंग धनुष्यासारखे वाकायचे. आम्ही बाहेर ओसरीवर बसून असायचो. माणूस संकटात देवाचे नाव घेतो, पण इथे नाव घ्यायचीही चोरी होती. आक्का ओठ न हलवता जप करीत. त्या बिचाऱ्या माझ्याकडे पाहायच्या नाहीत. आजूबाजूच्या कावळ्यांनी काव केले तरी आम्ही सगळे दचकून दाराकडे बघायचो.

मला तर जपही जमेना. डोळे मिटून शंकराची मूर्ती आठवायला गेलो तर काही दिसेना. मी ते देऊळ पाहिलेलेच नव्हते! पिंडी कशी, गाभारा कसा, शिखर कसे, मनात धरायला माझ्याकडे एक दगडसुद्धा नव्हता. वेरूळचे दिसले असते तर वेरूळ आठवले असते, तेही हुकलेले. साऱ्या आयुष्यातली बंद दारे त्या ओसरीवर माझ्याभोवती येऊन बसली. पायाखालची शहाबादी गार होती, पाय अजून अनवाणीच होते, आणि त्या गारव्याने मला एकदम माझ्या वहाणा दिसल्या. डाव्या वहाणेचा अंगठा तुटला होता आणि मी तो तांब्याच्या तारेने बांधला होता. ती तारसुद्धा दिसली. त्या तिथे होत्या, उंबऱ्याबाहेर, दाराकडे तोंड करून.

मग मी दुसरे काही आठवायचा प्रयत्न सोडला. मागणेही सोडले. याला वाचव म्हणावे तर मागितलेले हुकण्याचीच आपली सवय, ती इथेही नडेल अशी भीती. मी नुसते म्हणत राहिलो, मी दाराशी आहे. आत घेणे न घेणे तुझ्याकडे. मी कुठे गेलेलो नाही, दाराशीच आहे. भीती गेली असे म्हणणार नाही. ती शेवटपर्यंत होती. पण आता तिचे ओझे माझ्या एकट्याच्या डोक्यावर नव्हते, कुणीतरी दुसरी बाजू धरली होती. त्याहून जास्त मला सांगता येत नाही.

असे किती दिवस गेले ते मोजले नाहीत. मग एका दुपारी मालती खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात पेजेची वाटी होती आणि डोळे भरून वाहत होते. मी उठून उभा राहिलो. तिने माझ्यासमोर वाटी धरली. रिकामी होती. "भावोजी," ती कुजबुजली, "चमचा आत गेला."

पुढच्या पावसाळ्यानंतर, वसंता काठीशिवाय चालू लागल्यावर, आम्ही दोघे भाऊ अंबरनाथला गेलो. सुमतीला दिवस गेले होते, ती घरीच राहिली. निघताना तिने मला बजावले, "या वेळी वर बघत बघत जा. आधी मूर्ती बघा, देव कुठे पळून जात नाही." मी हो म्हणालो.

पण जुन्या सवयीने मान खाली घालूनच दाराशी गेलो आणि थबकलो. दाराच्या बाजूला, दगडाच्या एका कोनाड्यात, एक वहाणांचा जोड ठेवला होता. पावसाने आक्रसून वाकडा झाला होता, पण डाव्या वहाणेच्या अंगठ्याला तांब्याची तार तशीच होती. गावातलेच एक वयस्क गृहस्थ पूजेची भांडी धूत होते. मी त्यांना विचारले, या कुणाच्या.

ते हात पुसत आले. म्हणाले, "शिवरात झाल्यावरच्या हान त्या. मी खाली पूजा करीत व्हतो, वर आलो तं दारान चपला. मना वाटला, मानूस आतच हाय. सांजचे दार लावताना दोनदा आत जाऊन बघून आलो. कोन नाय. तरी मन घेना. दुसरे दिशी पन तिथंच, तिसरे दिशी पन. कशा फेकाच्या? आत गेलेला मानूस बाहेर येल तवा त्याला लागतील ना."

वसंताने माझा दंड धरला. इतके दिवस मी स्वतःला दारातून परत पाठवलेला समजत होतो, ओसरीवर बसून दाराशी आहे म्हणून सांगत होतो, आणि इथे एक माणूस रोज दिवा लावताना मी आतच आहे असे धरून चालला होता.

आम्ही पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलो. वसंता पुढे, मी मागे. पिंडीवर बेल वाहिला आणि बसलो. वसंताने मोठ्याने नाव घेतले. त्याचे तोंड पुरते उघडत होते. मी ते ऐकत राहिलो.

कावळ्यांचे, खोट्या बातमीचे, तापलेल्या इंजिनाचे कोडे मला कुणी घातले तर मी सोडवू शकणार नाही. वाद घालायची माझी इच्छाही नाही. आक्का म्हणतात उताऱ्याने वाचला, डॉक्टर म्हणाले लसीने वाचला, मी दोघांनाही नमस्कार करतो. मला एवढेच कळले की आत आहोत की बाहेर, हे दाराशी उभ्या असलेल्याने ठरवायचे नसते. त्याने उभे राहावे. बाकीचे ज्याचे घर आहे तो पाहून घेतो.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सुमती दारातच उभी होती. "कशा आहेत मूर्ती? सांगा ना."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. गाभाऱ्यातून वर आलो तेव्हा अंधार पडला होता. भिंतींवरची एकही मूर्ती मी पाहिली नव्हती.

"म्हणजे पुन्हा हुकलं?" ती कपाळाला हात लावून हसू लागली. मग तिची नजर माझ्या धुळीने भरलेल्या अनवाणी पायांवर गेली. "आणि हे काय? नव्या वहाणा कुठायत?"

"त्या तिथेच ठेवून आलो," मी म्हणालो. "जुन्यांच्या शेजारी."